हाडांचं दुखणं, गळ्यातलं कारण



स्मृतिव्याख्यानाला डॉक्टर बोलावला की लोक मधुमेह, रक्तदाब नाहीतर हृदयविकार ऐकायच्या तयारीने येतात. तुम्हीही तसेच आला असाल. मी आज वेगळा विषय घेतलाय आणि तो मुद्दाम घेतलाय. आपल्या गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. त्यांतली एखादी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की माणसाची हाडं आतून पोखरली जातात. ताठ चालणारा माणूस वाकतो, त्याची उंची कमी होते, अंथरुणात कूस बदलताना मांडीचं हाड मोडतं.

हा आजार बरा होतो का? होतो, बहुतेकांचा एका शस्त्रक्रियेत. त्याचा संशय कशावरून घ्यायचा? रक्तातल्या कॅल्शियमवरून. ही तपासणी आज तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेतही होते. मग आपल्याकडची माणसं, त्यातही बायका, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खात का झिजतात? आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे. त्यासाठी आधी या ग्रंथींचं काम समजून घेऊ, मग हा आजार कळायला वैद्यकाला किती वळणं घ्यावी लागली ते पाहू आणि शेवटी आपल्या घराकडे येऊ.

थायरॉइड ग्रंथी आता सर्वांच्या ओळखीची झाली आहे. तिच्या पाठीला चिकटून, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, या चार ग्रंथी असतात. एकेकीचं वजन साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम. थायरॉइडशी त्यांचं नातं फक्त शेजाराचं आहे, काम अगदी वेगळं. रक्तातलं कॅल्शियम ठरलेल्या पातळीवर ठेवणं हे त्यांचं काम. ही पातळी 100 मिलिलिटर रक्तात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असते. तिच्या खाली गेलं की हातापायांना मुंग्या येतात, बोटं वळतात, झटके येतात. वर गेलं की भूक मरते, मळमळतं, तहान आणि लघवी वाढते, पोट साफ होत नाही, मन खचतं. फारच वर गेलं तर शुद्ध हरपते आणि हृदयाचा ठोका चुकतो. हृदय, स्नायू आणि मज्जातंतू सगळे या एका पातळीवर अवलंबून आहेत, म्हणून शरीर तिच्याबाबत इतकं काटेकोर असतं.

ही पातळी सांभाळायला साठा लागतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं 99 टक्के हाडांत असतं. आपल्याकडे जुन्या घरांत धान्याची पेवं असत. सुगीत भरायची, तुटवड्यात उघडायची. हाड हे कॅल्शियमचं पेव आहे. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड आपलं संप्रेरक सोडते. ते पीटीएच या नावाने ओळखलं जातं. ते हाडातून कॅल्शियम काढवतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फरस बाहेर टाकायला लावतं. शिवाय ड जीवनसत्त्व कार्यक्षम करून आतड्याला जास्त कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. पातळी पूर्ववत झाली की ग्रंथी थांबते. ती कॅल्शियम मोजते कशी, हे 1993 मध्ये एडवर्ड ब्राऊन आणि स्टीव्हन हेबर्ट यांनी दाखवलं. ग्रंथीच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे ग्राहक रेणू असतात.

आता बिघाड काय होतो ते पाहा. चारांपैकी एका ग्रंथीत गाठ होते. बहुतेक रुग्णांत ती कर्करोगाची नसते, साधी असते. पण तिचं मोजमाप बिघडलेलं असतं. रक्तात कॅल्शियम मुबलक असलं तरी ती थांबत नाही. तुटवडा नसताना पेव रोज उघडलं जातं. हाड विरघळवणाऱ्या पेशी रात्रंदिवस राबतात. हाडाच्या जागी तंतुमय ऊती येते, पोकळ्या होतात. काही ठिकाणी रक्त साचून त्यातल्या लोहामुळे तपकिरी दिसणाऱ्या गाठी होतात. त्यांना ब्राऊन ट्यूमर म्हणतात, आणि त्या कर्करोगाच्या नसतात, हे मी ठासून सांगतो. हाडातून निघालेलं कॅल्शियम शेवटी मूत्रपिंडातून जातं आणि तिथे खडे होतात. म्हणजे एकाच माणसाला हाडांचं दुखणं आणि मुतखडा. हे दोन आजार नाहीत, एकाच आजाराची ही दोन टोकं आहेत. पण हाडांसाठी तो एका डॉक्टरकडे जातो आणि मुतखड्यासाठी दुसऱ्याकडे, आणि ते दोघे डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत.

आता इतिहास. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आजच्या चुकीचं मूळ त्यात आहे.

या ग्रंथी प्रथम माणसात दिसल्या नाहीत, त्या दिसल्या गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आपला एकशिंगी भारतीय गेंडा होता. तो 1849 मध्ये मेला आणि शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं. थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्यांनी नोंदवला. नोंद झाली, पण तिचा अर्थ कोणी विचारला नाही. पुढे स्वीडनमधल्या उप्सालाचा इव्हार सँडस्ट्रॉम हा वैद्यकीचा विद्यार्थी. त्याला 1877 मध्ये कुत्र्याच्या गळ्यात ही ग्रंथी दिसली. त्याने मांजर, ससा, बैल आणि घोडा तपासला, मग 50 मानवी मृतदेह तपासले आणि 1880 मध्ये सविस्तर निबंध छापला. त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, 1889 मध्ये, सँडस्ट्रॉमने आत्महत्या केली. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये युजीन ग्ले यांनी दाखवलं की या ग्रंथी काढल्या तर प्राण्यांना जीवघेणे झटके येतात. माणसाच्या शरीरातला जो अवयव शरीररचनाशास्त्राला इतक्या उशिरा सापडला, तो शोधणाऱ्याला त्याचं मोल हयातीत कळलं नाही. मला याचं दुःख वाटतं आणि ते इथे बोलून दाखवणं मी माझं कर्तव्य समजतो.

त्याच 1891 मध्ये स्ट्रासबुर्गला फ्रीडरिख फोन रेकलिंगहाउझेन यांनी या हाडांच्या आजाराचं वर्णन केलं. हाडं मऊ, तंतुमय, पोकळ्यांनी भरलेली. क्ष-किरण अजून सापडायचे होते, त्यामुळे त्यांनी हे सगळं शवविच्छेदनातच पाहिलं. त्यांच्या एका रुग्णाच्या नोंदीत थायरॉइडजवळ एक लालसर तपकिरी गाठ आढळल्याचा उल्लेख आहे. ती त्यांनी लसिकाग्रंथी समजून सोडून दिली. लक्षात घ्या, कारण समोर होतं. पण नजर हाडावर खिळलेली होती.

नंतरच्या वर्षांत शवविच्छेदन करणाऱ्यांना अशा रुग्णांच्या गळ्यात वाढलेली पॅराथायरॉइड पुन्हा पुन्हा सापडू लागली. आता प्रश्न उभा राहिला की आधी काय झालं? हाडं बिघडली म्हणून ग्रंथी वाढली, की ग्रंथी वाढली म्हणून हाडं बिघडली? व्हिएन्नाचे याकोब एर्डहाइम हे मोठे विकृतिशास्त्रज्ञ. हाडं मऊ होण्याच्या आजारात चारही ग्रंथी वाढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी निष्कर्ष काढला की ग्रंथी मदतीला धावते. हाडाला गरज आहे म्हणून ती वाढते. त्यांच्या रुग्णांपुरतं ते खरंही होतं. पण ते सर्वांना लागू केलं गेलं. व्हिएन्नाच्याच फ्रीडरिख श्लागेनहाउफर यांनी 1915 मध्ये साधा सवाल केला. ग्रंथी मदतीला धावत असेल, तर चारही वाढायला हव्यात. मग काही रुग्णांत एकच का वाढलेली दिसते? एकच वाढली असेल तर दोष तिचा आहे, ती काढून टाका. इतका स्वच्छ तर्क, तरी त्यावर कृती व्हायला दहा वर्षं गेली.

ती कृती केली फेलिक्स मांडल या शल्यविशारदाने. व्हिएन्नाच्या ट्रामवर काम करणारा एक माणूस त्याच्याकडे होता. हाडं दुखून चालणं बंद झालेलं, मांडीचं हाड मोडलेलं. मांडलने आधी एर्डहाइमच्या मतानुसारच उपचार केले. पॅराथायरॉइडचा अर्क दिला, गुण आला नाही. मग अपघातात मेलेल्या एका माणसाच्या ग्रंथी काढून या रुग्णाच्या शरीरात बसवल्या. ज्या संप्रेरकाने तो मरणाच्या दारात आला, तेच आणखी दिलं जात होतं! फरक पडला नाही, तेव्हा मांडलने मत बदललं. 30 जुलै 1925 रोजी, फक्त गळ्याची जागा बधिर करून, त्याने शस्त्रक्रिया केली आणि सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची गाठ काढली. काही दिवसांतच लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी झालं, वेदना ओसरल्या आणि पुढच्या महिन्यांत तो रुग्ण काठीच्या आधाराने चालू लागला. काही वर्षांनी आजार उलटला आणि 1936 मध्ये तो गेला, हेही सांगायला हवं. पण हाडाचा आजार गळ्यात बरा होतो, हे त्या एका दिवशी सिद्ध झालं.  

दुसरा रुग्ण अमेरिकेतला, व्यापारी जहाजावरचा कॅप्टन चार्ल्स मार्टेल. सहा फूट एक इंच उंचीचा तगडा तरुण. 1918 च्या सुमारास त्रास सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याची उंची सात इंचांनी घटली. वारंवार हाडं मोडली, मुतखडे झाले. 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात यूजीन ड्युबॉ यांनी निदान केलं की पॅराथायरॉइड अतिकाम करते आहे. पण गाठ सापडेना. बोस्टन आणि न्यूयॉर्क इथे मिळून सहा शस्त्रक्रिया झाल्या, सहाही निष्फळ. तेव्हा मार्टेलने स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात बसून शरीररचनेची पुस्तकं वाचली आणि डॉक्टरांना छातीत शोधायचा आग्रह धरला. त्याचं बरोबर होतं. खालच्या दोन पॅराथायरॉइड गर्भावस्थेत थायमस ग्रंथीबरोबर तयार होतात, तिच्यासोबत खाली सरकतात, आणि कधी कधी गळ्यात न थांबता छातीत उतरतात. 1932 मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांना ती गाठ छातीच्या पिंजऱ्यात सापडली. गाठ निघाली, पण तोवर मूत्रपिंडांचं नुकसान झालं होतं. सुमारे सहा आठवड्यांनी, मूत्रनलिकेत अडकलेल्या खड्यामुळे उद्भवलेल्या गुंतागुंतीत तो गेला. आज अंतःस्रावशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी मार्टेलच्या आजाराआधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांपुढे थांबतो. निदान बरोबर होतं, शस्त्रक्रिया शेवटी यशस्वी झाली. फक्त अनेक वर्षं उशीर झाला होता, एवढंच.

मित्रहो, या उशिरावर उपाय सापडला का? सापडला. 1963 मध्ये बर्सन, यॅलो, ऑरबाख आणि पॉट्स यांनी रक्तातलं पीटीएच मोजायची पद्धत दिली. त्याहून मोठा बदल 1970 च्या दशकात झाला. रक्ताच्या अनेक चाचण्या एकदम करणारी यंत्रं अमेरिकेतल्या रुग्णालयांत आली आणि मागितलं नसतानाही प्रत्येक अहवालात कॅल्शियमचा आकडा छापला जाऊ लागला. धडधाकट माणसांत कॅल्शियम थोडं वाढलेलं दिसलं, पीटीएच तपासलं, गाठ सापडली. हाडं मोडायच्या आधीच. तिथे आज बहुसंख्य रुग्णांना निदानाच्या वेळी कसलाही त्रास नसतो आणि हाडांचा हा भयंकर प्रकार पाच टक्क्यांहून कमी जणांत दिसतो. तोच आजार, तीच ग्रंथी, फक्त आकडा आधी पाहिला गेला. चीनमध्येही हेच घडलं. बीजिंगच्या जुन्या रुग्णांत मोडकी हाडं आणि मुतखडेच प्रामुख्याने दिसत. पुढच्या काळात शांघायमध्ये कॅल्शियमची तपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी वाढली आणि त्रास नसताना सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण झपाट्याने वाढलं.

आणि आपण? लखनौची एसजीपीजीआय, चंडीगढची पीजीआय, दिल्लीची एम्स, मुंबईचं केईएम, या संस्थांमधून प्रसिद्ध झालेल्या रुग्णमालिका पाहा. आपला रुग्ण पाश्चात्त्य रुग्णापेक्षा एक-दोन दशकांनी तरुण असतो. बहुतेक वेळा स्त्री. आणि तिची तक्रार असते हाडांची. म्हणजे रेकलिंगहाउझेन यांनी 1891 मध्ये वर्णन केलेला रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात अजून येतो, तोही भर तिशी-चाळिशीत.

असं का? पहिलं कारण सरळ आहे. कॅल्शियम आपण सहसा तपासत नाही. साखर तपासतो, कोलेस्टेरॉल तपासतो, थायरॉइड तर हल्ली सगळेच तपासतात. दुसरं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. इतकं ऊन असलेल्या देशात ही कमतरता सर्रास आहे, कारण दिवस घरात, कार्यालयात आणि बंद गाडीत जातो, अंग झाकलेलं असतं, आणि आपली त्वचा गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन मागते. त्यात अनेक घरांत बाईच्या वाट्याला दूध शेवटी येतं, किंवा येतच नाही. ही कमतरता दोन बाजूंनी मारते. हाड मुळातच मऊ असतं, त्यावर ग्रंथीचा हल्ला होतो. शिवाय ग्रंथीला सतत डिवचलं गेल्याने गाठ मोठी होते. आणखी एक फसवणूक म्हणजे ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं दिसतच नाही, अहवाल निर्दोष वाटतो. मग एर्डहाइम यांच्यापुढचा पेच पुन्हा आपल्यापुढे येतो. ग्रंथी मदतीला धावली आहे, की तीच दोषी आहे? त्याचं उत्तर एका आकड्यावर मिळत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, हाडांची उलाढाल दाखवणारं अल्कलाइन फॉस्फटेज, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच एकत्र पाहावे लागतात. म्हणूनच हाडं दुखतात म्हणून न तपासता ड जीवनसत्त्वाची जबर मात्रेची इंजेक्शनं एकामागून एक घेण्याला माझा विरोध आहे. आधी कॅल्शियम पाहा. कमतरता भरून काढायला हवीच, पण कॅल्शियमवर लक्ष ठेवून.

तिसरं कारण चुकीची नावं. हाडं दुखतात? संधिवात. पाठ दुखते? मणक्याची झीज. जबड्यात गाठ दिसते? दातांच्या डॉक्टरकडे शस्त्रक्रिया. हाडात पोकळी दिसते? क्षय, नाहीतर पसरलेला कर्करोग, आणि त्या एका शब्दाने घर कोसळतं. ब्राऊन ट्यूमरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हाडातल्या दुसऱ्या एका गाठीसारखाच, जायंट सेल ट्यूमरसारखा दिसतो. तेव्हा रक्तातलं कॅल्शियम पाहिल्याशिवाय अशा गाठीवर चाकू चालवू नये. गळ्यातली ग्रंथी काढली की या गाठी बऱ्याचदा आपोआप भरून येतात. हाताचा साधा एक्स-रे काढला तरी पुष्कळ कळतं. बोटांच्या मधल्या पेराची अंगठ्याकडची कड कुरतडल्यासारखी दिसते. हे चिन्ह जवळजवळ याच आजाराचं आहे.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण डायलिसिसवर असलेल्यांचे नातलग या सभागृहात असतीलच. तिथे फॉस्फरस साचतो, ड जीवनसत्त्व कार्यक्षम होत नाही आणि चारही ग्रंथी खरोखरच मदतीला धावतात. धावता धावता हाडं खातात. तिथला उपचार वेगळा आहे. आहारातला फॉस्फरस सांभाळणं, जेवणाबरोबर घ्यायच्या, फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्या न चुकवणं आणि पीटीएच ठरावीक काळाने तपासणं. त्या गोळ्या हाडांसाठी असतात हे रुग्णाला कोणी सांगत नाही, म्हणून तो त्या टाळतो. त्याला हे समजावून सांगा.

राहिली शस्त्रक्रिया. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी नावाच्या किरणोत्सर्गी द्रव्याच्या स्कॅनने आज गाठ आधीच शोधता येते. अनुभवी हातांत बहुसंख्य रुग्ण कायमचे बरे होतात. धोका असतो तो पहिल्या काही दिवसांत. इतकी वर्षं लुटलं गेलेलं हाड रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतं. त्याला हंग्री बोन म्हणतात. तेव्हा शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं, त्यानंतर कित्येक आठवडे गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. घरी आल्यावर, आपल्या मनाने, बरं वाटतंय म्हणून या गोळ्या बंद करायच्या नाहीत. एक गैरसमजही दूर करतो. कॅल्शियम वाढलंय म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दूध बंद करू नका. वाढलेलं कॅल्शियम मुख्यतः हाडातून येतं, ताटातून नाही. आहारातलं कमी केलं तर ग्रंथी हाडातून आणखी ओढते.

माझी तुम्हाला विनंती आहे. घरात कोणाला महिनोन्‌महिने हाडं दुखत असतील, किरकोळ धक्क्याने हाड मोडलं असेल, मुतखडा पुन्हा पुन्हा होत असेल किंवा स्वादुपिंडाला कारणाशिवाय सूज आली असेल (वाढलेल्या कॅल्शियमने तीही येऊ शकते), तर डॉक्टरांना विचारा, "कॅल्शियम तपासलं का?" वाढलेलं निघालं तर पुढचा प्रश्न विचारा, "पीटीएच पाहायचं का?" विचारायला संकोच करू नका. मार्टेलने विचारलं होतं आणि त्याचंच खरं ठरलं. या सभागृहात माझे जे व्यवसायबंधू बसले आहेत त्यांना मी हात जोडून सांगतो, हाडाच्या प्रत्येक न उलगडणाऱ्या दुखण्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी लिहिण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या तीन तपासण्या लिहा.